खड्डा तुमचा, पाणी नदीचं: नवशिक्या खाणमालकांसाठी मार्गदर्शिका

सर्वप्रथम अभिनंदन. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरच्या उत्तरेला, साउथ प्लॅट नदीच्या काठावर तुम्ही जमीन घेतली आहे. वरून पाहिलं तर शेत. खाली मात्र रॉकी पर्वतानं हजारो वर्षं झिजून नदीच्या हाती धाडलेल्या गोट्यांचे आणि रेतीचे थर. डेन्व्हर वाढतंय, रस्ते होताहेत, काँक्रीटला माल हवाच. तेव्हा खणायचं, धुवायचं, चाळायचं, विकायचं. यात शिकण्यासारखं काय आहे, असा तुमचा समज असेल. तो दूर करण्यासाठीच ही मार्गदर्शिका. गोटे काढायला तुम्ही महिनाभरात शिकाल. त्यापायी नदीचं जे पाणी तुमच्या अंगावर निघेल, ते फेडायला शिकण्यात मात्र हयात जाईल.

आधी खड्डा

नदीकाठी फार खोल जावं लागत नाही. थोडं खणलं की पाणी लागतं. गोट्यांच्या फटींतून पाझरत ते संथपणे नदीकडेच निघालेलं असतं. आपल्याकडे विहिरीला पाणी लागलं की नारळ फोडतात. इथे पाणी लागलं की वकिलाला फोन करतात. कारण ज्या क्षणी तुमच्या खड्ड्यातलं भूजल उघडं पडलं, त्या क्षणी कायद्याच्या लेखी तुम्ही विहीर खणलीत.

"पण मी पंप लावलेला नाही, मोट नाही, एक थेंब उपसलेला नाही!" हे सगळे नवशिके म्हणतात. अनुभवी मंडळींनीही म्हणून पाहिलं आहे, आणि थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात म्हणून पाहिलं आहे. १९८८ साली थ्री बेल्स रँच आणि झिगन सँड अँड ग्रॅव्हल या दोन खटल्यांत कॅश ला पूडर नदीच्या पाणीवापरकर्त्यांची संघटना खाणवाल्यांच्या समोर उभी राहिली. न्यायालयानं सांगितलं की भूजल उघडं पाडणारा गोट्यांचा खड्डा ही विहीरच, आणि त्यातून उडून जाणारं पाणी ही नदीची घट. पंप तुम्ही लावला नाहीत हे खरं. पण झाकण तुम्ही काढलंत आणि वर सूर्य आहे.

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, विधिमंडळानं सिनेट बिल १२० मंजूर करून याचा कायदा केला. खाणवाल्यानं विहिरीचा परवाना घ्यायचा आणि होणारी घट भरून काढायची. एक सवलत ठेवली: १ जानेवारी १९८१च्या आधी जे पाणी उघडं पडलं, त्याची वाफ माफ. म्हणून या मार्गदर्शिकेचा पहिला व्यावहारिक सल्ला असा, की शक्यतो १९८० साली खणा.

ते जमत नसेल तर पुढे वाचा.

तुम्ही किती पाणी बुडवलंत

हिशेबाचं एकक एकर-फूट. एक एकर रान एक फूट पाण्यानं भरलं तर जितकं, तितकं. म्हणजे सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर. लिटरमध्ये विचार करायची सवय सोडा. छाती दडपते.

डेन्व्हरच्या आसपासच्या पट्ट्यात हवा कोरडी, ऊन कडक, वारा भरपूर. उघड्या तळ्यावरून वर्षाला साधारण ४० ते ४५ इंच पाणी उडतं. पाऊस आणि बर्फ मिळून येतं जेमतेम १४-१५ इंच. आता कायद्याचा एक समजूतदारपणा लक्षात घ्या. तुम्ही खणण्याआधी तिथे जे गवत उगवत होतं, तेही पावसाचं पाणी पीतच होतं. तेवढं तुमच्या हिशेबातून वजा होतं, आणि ते साधारण पावसाच्या ७० टक्के धरायची पद्धत आहे. उरलं ते तुमचं देणं. समजा वजाबाकी होऊन ३३ इंच राहिले आणि तुमचं तळं २० एकरांचं आहे. वर्षाचे झाले ५५ एकर-फूट. लिटरमध्ये सांगू नये असं आत्ताच ठरलं होतं, तरी सांगतो: पावणेसात कोटींच्या आसपास.

एवढ्यावर सुटका नाही. धुतलेला माल ट्रकात भरला की तो ओला असतो. धुतलेल्या मालाच्या वजनाच्या ४ टक्के पाणी त्याच्याबरोबर फाटकाबाहेर गेलं असं धरतात. १ लाख टन माल विकलात तर सव्वातीन एकर-फूट पाणीही विकलंत, फक्त त्याचे पैसे कुणी दिले नाहीत. रस्त्यावर धूळ उडू नये म्हणून टँकर मारता? तेही लिहा. काँक्रीटचा प्लांट लावलाय? तेही.

इथे हुशार नवशिक्याच्या डोक्यात एक कल्पना हमखास येते. नदीकाठची पाणी पिणारी झाडं तोडली, तर तेवढं पाणी वाचलं, मग ते आपल्या खात्यावर जमा करून घेऊ! ही कल्पना अर्कान्सॉ नदीच्या खोऱ्यात शेल्टन फार्म्सनं लढवली होती. काठावरची झाडी काढून वाचलेल्या पाण्यावर हक्क सांगितला. खालच्या न्यायालयानं तो मानला, पण १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला. झाडं तोडून मिळालेलं पाणी नवं नव्हे, ते आधीपासून नदीचंच आणि म्हणून आधीच्या हक्कदारांचंच. कुऱ्हाड ठेवून द्या.

देणं कुणाचं

बरेच जण समजतात की हे पाणी नदीला द्यायचं, माशांसाठी, पर्यावरणासाठी. तसं मनात आणून बरं वाटत असेल तर वाटू द्या. प्रत्यक्षात ते द्यायचं आहे खालच्या अंगाच्या शेतकऱ्याला, ज्याच्या पणजोबानं तुमच्या आधी पाट काढला.

कोलोरॅडोत पाण्याचा नियम एकच: जो आधी आला त्याचा हक्क आधी. नदीकाठी जमीन आहे म्हणून पाणी मिळतं, हा इंग्लंडकडचा कायदा इथे कधी रुजलाच नाही. तो का रुजला नाही याची गोष्ट छोटी आहे. लेफ्ट हँड डिच कंपनी नावाची पाट कंपनी १८६०च्या दशकापासून सेंट व्रेन नदीचं पाणी वळवून पलीकडच्या ओढ्यात नेत होती. १८७९ साली दुष्काळ पडला. सेंट व्रेनच्या काठावर राहणारे कॉफिन आणि त्यांचे शेजारी, यांना डोळ्यांदेखत पाणी दुसऱ्या खोऱ्यात जाताना बघवेना. त्यांनी बंधारा फोडला. १८८२ मध्ये निकाल लागला तो कंपनीच्या बाजूनं. नदी कुणाच्या दारातून वाहते याला किंमत नाही, पाणी आधी कुणी वापरात आणलं याला आहे.

योगायोगाची गोष्ट म्हणजे त्याच १८७९ साली आपल्याकडे मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा झाला. तिकडे पाणी आधी येणाऱ्याचं ठरलं, आपल्याकडे सरकारचं. म्हणून आपला शेतकरी आजही नमुना नंबर ७ भरून पाण्याची मागणी करतो आणि आवर्तन कधी सुटणार म्हणून कालव्याकडे बघत बसतो. कोलोरॅडोचा शेतकरी मागणी करत नाही. तो तारीख दाखवतो.

नदीत पाणी कमी पडलं की जुन्या तारखेचा हक्कदार सांगतो, माझा वाटा पोचत नाही. याला तिकडे 'कॉल' म्हणतात. कॉल आला की राज्याचा पाणी-अधिकारी सगळ्यांत नव्या तारखेपासून वर वर दारं बंद करत जातो. १८९०चा पाट बंद होतो, मग १८८०चा, आणि १८६५चा सुखानं वाहत राहतो. या रांगेत तुमच्या खड्ड्याची तारीख परवाची आहे. म्हणजे सगळ्यांत आधी बंद तुम्ही. अडचण एवढीच, की पाटाला दार असतं, वाफेला नसतं. जुलैच्या दुपारी तळ्यावर उभं राहून "थांब" म्हटलं तरी ते उडायचं थांबत नाही. म्हणून कायदा म्हणतो, उडू दे, पण तेवढंच पाणी दुसरीकडून आणून, ज्याला कमी पडतंय त्याच्या वरच्या अंगाला, वेळेत नदीत सोड.

हा नुसता कागदोपत्री धाक आहे असं वाटत असेल, तर २००६चा मे महिना आठवा. साउथ प्लॅटच्या खोऱ्यात चारशेच्या वर विहिरी पेरण्या झाल्यावर बंद करायला लावल्या, कारण त्यांच्या उपशाच्या बदल्यात नदीत सोडायला पुरेसं पाणी त्यांच्याकडे नव्हतं. त्या विहिरी शेतकऱ्यांच्या होत्या, पिकं रानात उभी होती. तिथे दया झाली नाही. तुमच्या गोट्यांवर होईल असं धरून चालू नका.

आता पाणी विकत घ्या

नव्यानं मागायला नदीत पाणी शिल्लक नाही, ते कधीच वाटून झालं आहे. तेव्हा जुन्या तारखेचा हक्क विकत घ्यायचा. तो असतो शेतकऱ्याकडे, बहुधा पाट कंपनीच्या शेअरच्या रूपात. शे-दीडशे वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन खणलेल्या या पाटांच्या सहकारी कंपन्या आजही चालू आहेत. शेअर म्हणजे पाटातल्या पाण्याचा वाटा. जमिनीपासून तो वेगळा विकता येतो, आणि पुष्कळदा जमिनीहून महाग असतो.

इथे सगळ्यांत मोठा चटका बसतो, म्हणून जरा थांबू.

समजा तुम्ही घेतलेल्या शेअरांवर वर्षाला १०० एकर-फूट पाणी शेताच्या तोंडाशी येतं. तुम्ही खूश. ५५ हवे होते, १०० मिळाले. मग तुमचा इंजिनिअर कागद घेऊन बसतो. जुनी विमानातून काढलेली छायाचित्रं काढतो: १९५०च्या दशकात किती एकर ओलिताखाली होतं, कुठलं पीक होतं, शुगरबीट की मका की लसूणघास. पाटाच्या नोंदी काढतो: कुठल्या वर्षी कुठल्या महिन्यात किती वाहिलं. त्यावरून पिकानं खरोखर प्यायलेलं पाणी काढतो. बाकीचं कुठे गेलं? मुरलं, शेवटच्या सरीतून वाहिलं, आणि यथावकाश नदीत परत गेलं. त्या परतलेल्या पाण्यावर खालच्या अंगाला कुणीतरी दुसरा पाट काढून बसला आहे, आणि त्याची तारीख १८७२ आहे. म्हणजे ते पाणी शेतकऱ्याचं कधी नव्हतंच. त्याच्या रानातून ते नुसतं जात होतं. तुम्हाला मिळतं फक्त पिकानं प्यायलेलं, शंभरातलं अर्धंमुर्धं. आणि जे परतत होतं ते त्याच ठिकाणी, त्याच महिन्यांत, तितकंच परतत राहील याची हमी आता तुम्ही द्यायची. शेत बंद झालं तरी त्याचा पाझर चालू ठेवायचा.

या नियमाबद्दल पुष्कळ खाणवाले कुरकुरतात. मला विचाराल तर सगळ्या पुस्तकातला हाच नियम मला सर्वांत शहाणा वाटतो. एकाच्या शेतात मुरलेलं पाणी हे दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी असतं, हे कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असतं. ते न्यायालयाला माहीत असणं ही दुर्मिळ गोष्ट आहे.

राज्यात पाण्याची स्वतंत्र न्यायालयं आहेत. १९६९च्या कायद्यानं राज्याचे नदीखोऱ्यांप्रमाणे ७ भाग केले, प्रत्येकाला एक. साउथ प्लॅटचं न्यायालय ग्रीलीत बसतं. तिथे हक्क बदलण्याचा अर्ज टाकला की तो दर महिन्याच्या यादीत प्रसिद्ध होतो, आणि मग नदीवरचा कुणीही हरकत घेऊ शकतो. वरची शहरं घेतात, खालचे पाट घेतात, शेजारचा खाणवालाही घेतो, कारण आज तुम्हाला जे सवलतीनं मिळेल त्याचा त्याला उद्या त्रास. बहुतेक प्रकरणं वर्षानुवर्षं वाटाघाटींनंतर तडजोडीनं मिटतात. तोवर खाण बंद ठेवायची का? नाही. तोवर राज्याच्या मुख्य अभियंत्याकडून तात्पुरत्या बदली-पाण्याची मंजुरी घ्यायची. ती ठरावीक मुदतीची असते आणि मुदत संपली की पुन्हा अर्ज. हे तात्पुरतेपण वर्षानुवर्षं टिकतं. वकील आणि इंजिनिअर यांच्या मुलांची शिक्षणं त्यात होतात.

शेत वाळवण्याची कला

शेअर तुमच्याकडे आले, आता ज्या रानाला ते पाणी जात होतं ते रान कोरडं झालं पाहिजे. नाहीतर एकच पाणी दोन जागी वापरलं जाईल. वर धरलेल्या आकड्यांनी सांगायचं, आणि एकरी सव्वा एकर-फूट पीक पीत होतं असं मानलं, तर तुमच्या २० एकरांच्या तळ्यासाठी ४४ एकर रान वाळवावं लागेल. हे वाक्य सावकाश वाचा. खड्ड्यानं एक शेत खाल्लं, आणि खड्ड्याची तहान भागवायला त्याहून दुप्पट मोठं दुसरं.

वाळवणं म्हणजे नुसतं पाणी तोडणं नव्हे. लसूणघास, तिकडची अल्फाल्फा, हे चिवट प्रकरण आहे. पाणी तोडलं तरी तिची मुळं खोल भूजलापर्यंत गेलेली असतात आणि ती आपली हिरवीगार उभी. ती जिवंत असेपर्यंत तुमची जमा शून्य. म्हणून ती खोल नांगरून किंवा औषध मारून मारावी लागते, आणि मेली आहे असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. अधिकारी येऊन बघतो. हिरवं काही दिसलं तर ते काय आहे, कुठल्या पाण्यावर जगतंय, याची चौकशी होते. तण माजू द्यायचं नाही, धूळ उडू द्यायची नाही, म्हणून पुन्हा कोरडवाहू गवत लावायचं आणि ते पाण्याशिवाय जगवायचं. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यानं जे रान हिरवं ठेवायला धडपड केली, ते हिरवं होऊ न देण्यासाठी आता पगारी माणूस ठेवायचा.

राज्याच्या दक्षिणेला अर्कान्सॉच्या खोऱ्यात क्राउली काउंटीनं याचं मोठं रूप पाहिलं आहे. तिथले पाटांचे शेअर शहरांनी विकत घेतले आणि ओलिताची शेती बहुतांश संपली. विकणाऱ्याला पैसे मिळाले, त्यात कुणी कुणाला फसवलं नाही. पण बियाणं विकणारा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, यांच्याकडे कुठलेच शेअर नव्हते, आणि त्यांच्या नुकसानीवर हरकत घ्यायला कुठलं न्यायालय नव्हतं. पाण्याच्या हिशेबात प्रत्येक थेंबाला रकाना आहे, गावाला नाही. खाणवाल्यांची खरेदी शहरांच्या मानानं किरकोळ असते, हे तुमच्या समाधानासाठी सांगून ठेवतो.

हिवाळ्याचं काय

पाट वाहतो उन्हाळ्यात. तुमचं देणं मात्र बारमाही.

तळ्यावर बर्फ धरला की त्या काळापुरती वाफ शून्य धरतात, हा एक दिलासा. पण भूजल आळशी असतं. जुलैत तुमच्या तळ्यातून उडालेल्या पाण्याची तूट नदीला जुलैत जाणवेलच असं नाही. खाण काठाला लागून असेल तर काही दिवसांत, मैलभर लांब असेल तर महिन्यांनी किंवा वर्षांनी. हा उशीर काढायचं सूत्र ग्लोव्हर नावाच्या अभियंत्यानं विसाव्या शतकाच्या मध्यात बसवलं, आणि आजही साउथ प्लॅटवर बहुतेक जण तेच वापरतात. त्यातून निघतं असं, की जानेवारीत, पाट कोरडा ठणठणीत असताना, नदीला तुमच्याकडून गेल्या उन्हाळ्याचं काही येणं आहे.

मग जानेवारीत पाणी कुठून आणायचं? शहराच्या गटारातून. हसू नका, ही अत्यंत प्रतिष्ठित वस्तू आहे. रॉकी पर्वताच्या पलीकडचं पाणी डेन्व्हर बोगद्यांतून अलीकडे आणतं. त्यातला रॉबर्ट्‌स बोगदा १९६२ साली पुरा झाला, लांबी ३७ किलोमीटरच्या वर. दुसऱ्या खोऱ्यातून आणलेल्या अशा पाण्यावर खालच्या कुणाचा जुना हक्क नसतो, कारण ते या नदीत कधी नव्हतंच. त्यामुळे आणणाऱ्याला ते संपेपर्यंत पुन्हा पुन्हा वापरता येतं. आंघोळी झाल्या, भांडी झाली, प्रक्रिया झाली, आणि तेच पाणी नदीत सोडताना ते तुमच्या नावावर सोडलं जातं. त्याचं भाडं ठरलेलं असतं. शेतकऱ्याकडून घेतलेलं निर्मळ पाणी हंगामी, आणि सांडपाणी बारमाही, म्हणून दुसऱ्याला मागणी जास्त.

मोजा, नाहीतर दिलंच नाही

पाणी नदीत सोडलं, एवढं पुरत नाही. मोजून सोडलं पाहिजे. त्यासाठी पाटाच्या कडेला, जिथून पाणी परत नदीत वळवायचं, तिथे काँक्रीटचा एक मोजणी-घाट बांधलेला असतो. जवळ जाऊन बघा. रुंद तोंडातून पाणी संथपणे आत येतं, मधे दोन्ही भिंती जवळ येऊन गळा आवळतात, तळ एकदम उतरतो, आणि तिथे पाणी काचेसारखं ताणून खाली घसरतं. गळ्याच्या अलीकडे भिंतीवर फुटांच्या खुणांची पट्टी. त्या पट्टीवरची एक उंची वाचली की प्रवाह कळतो, कोष्टक ठरलेलं आहे. शेजारच्या छोट्या आडात तरंगता गोळा असतो, तो चढ-उतार दिवसरात्र नोंदवतो. हा पार्शल फ्लूम. फोर्ट कॉलिन्सच्या राल्फ पार्शल यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तो घडवला, आणि आपल्याकडे जलशुद्धीकरण केंद्रात कच्चं पाणी आत शिरतं तिथे पुष्कळ ठिकाणी हाच गळा दिसेल. पट्टीवर शेवाळ धरलं तर घासून काढा. अर्ध्या इंचाची चूक महिन्याच्या शेवटी एकर-फुटांत निघते.

मग महिन्याचा तक्ता. तळ्याचं क्षेत्र, त्या महिन्याची वाफ, विकलेला माल, टँकर, मागच्या महिन्यांचं आत्ता पोचणारं देणं. समोर सोडलेलं पाणी, त्यातून पाटातली आणि नदीतली वाटेतली तूट वजा. शेवटी शिल्लक. ती शून्य किंवा जास्त हवी. उणे आली तर खालच्या पाटाचा माणूस तुमच्या आधी फोन करतो, कारण तोही तोच तक्ता बघत असतो. पाटावर फिरणारा पाटकरी आणि सरकारचा पाणी-अधिकारी या दोघांची नावं पाठ करा, त्यांच्याशी कधी भांडू नका.

पळवाटा, पैकी कायदेशीर

खड्डा परत भरून टाका. पाणी झाकलं, वाफ थांबली, देणं संपलं. मात्र भरायला माती-मुरूम लागतो आणि तुमच्याकडे जो होता तो तुम्ही विकला आहे.

दुसरी वाट जास्त लोकप्रिय आहे. खाणीभोवती खालच्या खडकापर्यंत चर खणायचा आणि माती-बेंटोनाइटच्या चिखलानं भरायचा. जमिनीखाली भिंत उभी राहते, बाहेरचं भूजल आत येत नाही. गळतीची चाचणी सरकारी निकषांवर उतरली की तुमचा खड्डा विहीर राहत नाही, तलाव होतो. आणि साउथ प्लॅटच्या काठावर तलावाला गिऱ्हाईक तयार असतं. डेन्व्हर, ऑरोरा, थॉर्नटन या शहरांनी असे रिकामे खड्डे पाणी साठवायला घेतले आहेत. अनेक खाणवाल्यांना गोट्यांनी दिलं नाही ते रिकाम्या जागेनं दिलं. फक्त एक लक्षात ठेवा: भिंतीमुळे वरच्या अंगाला भूजल तुंबतं आणि खालच्या अंगाला घटतं. शेजाऱ्याच्या तळघरात पाणी शिरलं तर तो भिंतीचा नकाशा घेऊन येईल.

आणि तलावात पडलेला पाऊस? तुमचा नाही. नदीवर कॉल असेल तर मोजून बाहेर सोडा. २०१६ पर्यंत कोलोरॅडोत सामान्य घरमालकाला छताच्या पन्हाळीखाली पिंप ठेवायचीही परवानगी नव्हती. त्या वर्षी कायदा बदलला: दोन पिंपं, दोन्ही मिळून ११० गॅलन, म्हणजे चारशे लिटरच्या जरा वर. आपल्याकडे नव्या इमारतींना छतावरचं पाणी मुरवण्याची सक्ती, आणि तिथे ते धरायला विधिमंडळाचा कायदा. हे ऐकून पुण्याहून डेन्व्हरला राहायला गेलेल्या माणसाला क्षणभर आपण पृथ्वीवरच आहोत ना अशी शंका येते.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी एक टीप. आपल्या नद्यांमधून रेती निघते ती पात्रातूनच, बहुतेक रात्री. तिची मोजणी ब्रासमध्ये होते, स्वामित्वधनही ब्रासवर. रेतीनं पात्रात धरून ठेवलेलं पाणी रेतीबरोबर गेलं आणि काठच्या विहिरी उतरल्या, तर त्या पावतीवर त्याचा रकाना नाही. कोलोरॅडोच्या हिशेबाचा अतिरेक मला कधी कधी हास्यास्पद वाटतो. पण तिथे निदान पावती कोरी नाही.

शेवटचं, वारसांबद्दल

गोटे वीस-पंचवीस वर्षांत संपतील. तळं राहील, आणि त्यावर ऊनही. खड्डा भरला नाही, भिंत बांधली नाही, तर वाफेचं देणं तहहयात चालू राहतं, तुमच्या हयातीनंतरही. म्हणून २०१० पासून राज्याचं खाण खातं आधीच तारण मागतं: भराव, नाहीतर भिंत, नाहीतर कायमचं पाणी, यांपैकी एकाची सोय दाखवा, मगच पुढे खणा. तुम्ही तिसरा पर्याय निवडला असेल, तर मृत्युपत्र करताना तळं आणि पाटाचे शेअर एकाच वारसाच्या नावानं लिहा. थोरल्याला तळं आणि धाकट्याला शेअर अशी वाटणी करू नका. धाकटा ते शहराला विकून मोकळा होईल, आणि थोरल्याला दर जुलैत पाणी-अधिकाऱ्याची नोटीस येईल.